खुर्चीत बसू नये

मी ज्या वर्तमानपत्रात नोकरी केली, तिथे छोट्या जाहिरातींना शब्दांवर आकार पडे. खिडकीच्या आत मी बसायची आणि बाहेर विकणाऱ्यांची रांग असायची. कुणाला शिलाई मशीन काढायचं असे, कुणाला सायकल, कुणाला मुलं मोठी झाली म्हणून पाळणा. शब्दाला पैसे पडत, त्यामुळे माणसं शहाण्यासारखी लिहीत. ‘शिलाई मशीन, पायाचं, चालू’ एवढं लिहून पत्ता घातला की झालं. येणारा लबाड असेल, घासाघीस करील, उगाच वेळ खाईल, असं सगळं त्यांच्याही मनात असेच. पण ते छापायला खिशात हात घालावा लागे, म्हणून ते मनातच राही. एकदा एका गृहस्थांनी कपाटाच्या जाहिरातीखाली लिहून आणलं होतं, ‘भामट्यांनी येऊ नये’. मी म्हटलं, तीन शब्द वाढले, तीन शब्दांचे पैसे वाढतील. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, राहू द्या, भामटे येऊ देत.

आता जाहिरात फुकट झाली आणि लोकांच्या मनातलं सगळं बाहेर आलं. माझ्या थोरल्या भावाचं तर आलंच आलं.

दादा दातांचा डॉक्टर. घर दुमजली, वर बिऱ्हाड आणि खाली रस्त्याच्या बाजूला दवाखाना. हात थरथरायला लागला तेव्हा त्यानं दवाखाना बंद केला. कपाटं गेली, अवजारं गेली, बाहेरचं बाकसुद्धा कुणीतरी नेलं. राहिली ती मधोमध जमिनीला बोल्टांनी बसवलेली खुर्ची. फिकट हिरव्या रेक्झिनची, डोक्यावर दिव्याचा वाकडा हात, बाजूला चूळ थुंकायचं भांडं आणि खाली पायानं दाबायचा दांडा. लोकांना वाटे, दादाचा त्या खुर्चीत जीव अडकलाय. कसला अडकतोय. येता-जाता त्या दांड्यावर त्याची नडगी आपटे आणि तो तिला ज्या शिव्या देई, त्या मला आमच्या वडिलांच्या वेळेपासून ऐकायला मिळाल्या नव्हत्या. त्याला ती खरोखरच विकायची होती. फक्त भंगारात द्यायची नव्हती. चालती वस्तू आहे, कुणा नव्या डॉक्टरच्या उपयोगी पडेल, हे त्याचं म्हणणं, आणि ते काही चूक नव्हतं.

घाई वहिनींना होती. त्यांचे गुडघे पार गेले होते. आमच्या त्या घराचा जिना उभा आणि मधेच वळणारा. गेला हिवाळाभर वहिनी तो उतरल्या नव्हत्या. वरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायच्या आणि रस्त्यानं जाणारी माणसं वरून बघायच्या. ओळखीच्या बायका खालून मान वर करून बोलत, पण मान दुखली की निघून जात. हाडांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं: ऑपरेशननंतर बरेच दिवस जिना बंद, तेव्हा आधी तळमजल्यावर पलंग घाला, मग माझ्याकडे या. एक तारीख तेवढ्यासाठी हुकली होती. आता पुढच्या महिन्याची मिळाली होती, आणि ती हुकली तर नाव पुन्हा यादीच्या तळाशी. तळमजल्यावर पलंग मावेल अशी खोली एकच, आणि त्या खोलीत ती खुर्ची.

दादानं जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात दिली. एका बोटानं, सगळी दुपार खर्चून. मी दोन घरं सोडून राहते, रोज चहाला जाते. तर त्या दिवशी त्यानं ती मला कौतुकानं वाचायला दिली. सुरुवात बरी होती: दातांच्या दवाखान्याची खुर्ची, उत्तम चालते. त्याखाली, ‘गंभीर ग्राहकांनीच संपर्क साधावा.’

मी म्हटलं, गंभीर म्हणजे आजारी का?

तो म्हणाला, तुला यातलं आता काही कळत नाही.

पहिला फोन आला, त्यानं विचारलं, खुर्ची अजून आहे का. दादानं फोन ठेवला आणि जाहिरातीत भर घातली, ‘“आहे का” असे विचारू नये. आहे म्हणूनच जाहिरात आहे.’ दुसऱ्यानं विचारलं, शेवटचा भाव सांगा. भर पडली, ‘शेवटचा भाव विचारणाऱ्यास उत्तर मिळणार नाही.’ एकजण दादाच्या झोपेच्या वेळी आला. ‘एक ते चार येऊ नये.’ एकजण एकटाच आला आणि खुर्ची केवढी जड आहे बघून परत गेला. ‘एकट्याने येऊ नये.’ पुढचा सगळं खटलं घेऊन आला. ‘घोळका आणू नये.’ आणि एक जोडपं तर आळीपाळीनं खुर्चीत बसलं, दांडा दाबून एकमेकांना वर-खाली केलं, पोट धरून हसलं आणि करकर वाजतेय म्हणून निघून गेलं. त्या संध्याकाळी जाहिरातीत आलं, ‘बघायला येणाऱ्याने खुर्चीत बसू नये.’ त्याच्याखाली ‘बूट बाहेर काढावेत’, ‘जास्तीचे फोटो मागू नयेत’ आणि ‘एकदा नेलेली खुर्ची परत आणल्यास दार उघडले जाणार नाही.’

माणूस चुकला की नियम वाढवायचा, ही दादाची जुनी रीत. त्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर पाटी होती, ती अशीच वरून खाली वाढत गेली होती. पण दुखऱ्या दातानं आलेला माणूस पाटी वाचून परत जात नाही. खुर्ची घ्यायला निघालेल्याचं काहीच दुखत नसतं.

फोन बंद झाले. दादा खूश.

“बघ,” मला म्हणाला, “रिकामटेकडे आपोआप गळाले.”

“सगळेच गळाले, दादा.”

“गंभीर माणूस वेळ घेतो.”

वहिनींनी जाहिरात वाचली आणि मोबाईल उपडा ठेवला. मला वाचूनच धडकी भरली, म्हणाल्या, आणि मी तर घरातली आहे. मग दादा आंघोळीला गेल्यावर हळूच म्हणाल्या, “वन्सं, मी आता तारीख कुणाला सांगतच नाही. पुढे गेली की माणसं चेहरा करतात ना, तो बघवत नाही.”

त्यांचा स्वभाव कुरकुरायचा नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून एवढंही ऐकलं नव्हतं. मी तिथल्या तिथे उठले, खाली गेले, खुर्चीचे फोटो काढले. एकात माझी चप्पल आली, एकात दवाखान्याची ती दुधी काचेची खिडकी आली, ज्यावर दादानं कधीकाळी स्वतः दाढ रंगवली होती आणि जी सगळ्यांना फुलकोबी वाटायची. वर येऊन वहिनींच्या मोबाईलवरून दुसरी जाहिरात टाकली. माझ्या जुन्या खिडकीला शोभेल अशी: ‘दातांच्या डॉक्टरांची खुर्ची. वर जाते, खाली येते, मागे झुकते. केव्हाही या.’

‘केव्हाही’वर वहिनी अडखळल्या. ते मला घराबाहेर काढतील म्हणाल्या. मी म्हटलं, काढू देत की, निदान जिना तरी उतराल. त्या इतक्या हसल्या की आंघोळीतून दादानं विचारलं, काय झालं.

झालं असं की, माणसं लोटली. माझा हात अजून गेला नाही, असं मला दोन दिवस वाटलं. मग कोण लोटतंय ते बघितलं. एका न्हाव्याला खुर्ची हवी होती, पण ते थुंकायचं भांडं कापून टाकणार होता. एका गृहस्थाला त्यात आडवं होऊन टीव्ही बघायचा होता. एका नाटक मंडळीला ती फक्त एका प्रयोगापुरती पाहिजे होती, कारण त्यात खलनायकाचा दात उपटतात. एक बाई कुत्र्यांना आंघोळ घालायचा धंदा करायची; तिनं विचारलं, यात मोठं कुत्रं बसेल का. सगळे केव्हाही आले, बूट घालून आले आणि आल्याआल्या खुर्चीत बसले. दादा प्रत्येकाला दारातच विचारी, “अटी वाचल्यात?” आणि प्रत्येकजण प्रामाणिकपणे म्हणे, “कुठल्या अटी?”

मी जमवत होते आणि दादा पांगवत होता. वर त्याच्या जाहिरातीला नव्या ओळी फुटत होत्या. ‘केस कापणाऱ्यांनी संपर्क साधू नये. प्राण्यांसाठी विचारू नये.’ वहिनींच्या तारखेकडे दिवस सरकत होते, आणि रुग्णालयातून फोन आला होता की, येताय की नाही ते आठवड्याच्या आत कळवा.

त्यातच दादाला दुसरी जाहिरात सापडली.

तो मोबाईल घेऊन तरातरा आला. कुणीतरी हरामखोर माझी खुर्ची विकतोय, म्हणाला. हे बघ, माझीच खुर्ची, माझीच खिडकी, माझी फुलकोबी... दाढ. कुणी चोरून फोटो काढले असतील? मी म्हटलं, त्या जोडप्यानं काढले असतील, मला तेव्हाच संशय आला होता. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

चोराला बोलण्यात गुंतवून पकडायचं, असं दादानं ठरवलं. खिडकीशी बसून एका बोटानं निरोप लिहिला आणि पाठवला. भाजीच्या टोपलीत वहिनींचा मोबाईल टुणकन वाजला. दादानं लिहिलं होतं, ‘खुर्ची अजून आहे का?’

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यांनी हात पुसले, मोबाईल मांडीवर घेतला आणि लिहिलं, ‘आहे म्हणूनच जाहिरात आहे.’

दादा लालबुंद. म्हणाला, काय उद्धट माणूस आहे, साधं विचारलं तर अंगावर येतो. तरी नेटानं पुढे लिहिलं, ‘शेवटचा भाव काय?’ टोपली वाजली. ‘उत्तर मिळणार नाही’ असं उत्तर गेलं. ‘आज दुपारी बघायला येऊ का?’ ‘एक ते चार येऊ नये.’

दादानं मोबाईल खिडकीत ठेवला. “याच्याकडून कोण काय घेईल?” म्हणाला. “विकायचंय की माणसं हाकलायचीत?”

आम्ही दोघी भाजी निवडत राहिलो. वाक्यं त्याचीच होती, अक्षरन् अक्षर, पण आपला आवाज रेकॉर्डवर ऐकला की माणूस ओळखत नाही, तसं त्याचं झालं होतं. मला वाटलं होतं ओळखेल. म्हणूनच तर इतकं हसू येत होतं, आणि थोडं रडूही.

मग वहिनीच म्हणाल्या, समोर ती मुलगी कोण उभी आहे?

रस्त्यापलीकडे दुकानाच्या सावलीत एक मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, बाजूला तिच्याच वयाचा एक धिप्पाड मुलगा. ती घड्याळ बघायची, आमच्या घराकडे बघायची आणि पुन्हा उभी राहायची. वहिनी म्हणाल्या, जेवणं झाली तेव्हापासून आहे. रोज खिडकीत बसणाऱ्याच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. चार वाजले आणि दोघं रस्ता ओलांडून आली. घंटी वाजली.

दादा खाली गेला, मी मागोमाग. मुलीनं बूट आधीच काढून हातात घेतले होते.

“अटी वाचल्यात?” दादा म्हणाला.

“पाठ आहेत,” ती म्हणाली. “हा माझा भाऊ. एकट्यानं यायचं नाही म्हणून आणलाय, आणि एकच आणलाय, म्हणजे घोळका होत नाही.”

दादा विरघळला. गेल्या कित्येक आठवड्यांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. ती नुकतीच दातांची डॉक्टर झाली होती, बाजाराच्या मागे एक खोली घेतली होती. दादानं खुर्चीचं एकेक अंग दाखवलं, तिनं एकेक नीट विचारलं. मग दांड्याशी उभी राहून म्हणाली, “सर, माणूस बसल्याशिवाय खुर्ची कळत नाही. पण बघायला येणाऱ्यानं बसायचं नाही, असं तुमचं आहे.”

“आहे खरं,” दादा म्हणाला.

“मग तुम्हीच बसता का? विकणाऱ्यानं बसू नये, असं कुठे लिहिलेलं नाही.”

दादानं माझ्याकडे बघितलं. मला त्याच क्षणी आठवलं की, हा माणूस या खुर्चीत कधीच बसलेला नाही. स्वतःचे दात तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका वर्गमित्राकडे दाखवायचा. आता नाही म्हणायला अटींत जागा नव्हती. तो चढून बसला. मुलीनं दांडा दाबला, खुर्ची वर गेली. पाठ झुकवली, दादाचं डोकं खाली आणि पाय वर. दिवा तोंडावर ओढला आणि सवयीनंच म्हणाली, “आ करा.”

दादानं आ केला.

जिन्यात काहीतरी घासल्याचा आवाज आला. बघते तर वहिनी, बसून बसून एकेक पायरी उतरत येत होत्या. मी धावले. आलेच, म्हणाल्या, हे मला चुकवायचं नाही. कठड्याला आणि मला धरून त्या दवाखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलगी पिशवीतला छोटा आरसा तोंडात घालून दादाची मागची दाढ निरखत होती.

वहिनींनी तिला विचारलं, “जाहिरात कधी बघितलीस गं?”

मुलगी मान न वळवता बोलू लागली. जाहिरात तिनं महिन्यापूर्वीच बघितली होती. अशीच खुर्ची तिला हवी होती. निरोप लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. “मला वाटलं, मी काहीही लिहिलं तरी चुकणारच. ओळख नसताना जो माणूस असा रागावतो, त्याची खुर्ची उद्या बिघडली तर मी कुणाला विचारायचं?” तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींत ती जाहिरात फिरत होती म्हणे, हसण्यासाठी. त्यातल्या दोघींना खरोखर खुर्ची हवी होती, त्यांनी नवीन घेतल्या. मग परवा तिला दुसरी जाहिरात दिसली. तीच खुर्ची, तीच फुलकोबीची खिडकी, आणि खाली ‘केव्हाही या’. “मला कळेना, घरात दोन माणसं आहेत की एकाच माणसाचे दोन दिवस आहेत. म्हणून दोन्ही पाळायचं ठरवलं. आज आले, पण चारनंतर.”

दादाचं तोंड उघडंच होतं. डोळे आधी तिच्याकडे गेले, मग माझ्याकडे, मग वहिनींकडे आणि तिथेच थांबले. टोपलीत मोबाईल कसा वाजत होता ते त्याला आता आठवत असावं. त्यानं उठायचा प्रयत्न केला, पण डोकं खाली आणि पाय वर असलेल्या माणसाला त्या खुर्चीतून उठता येत नाही. ती तशीच केलेली असते. “आँ,” तो म्हणाला. “आँ आँ.”

सुरुवातीच्या वर्षांत दवाखान्यात मदतनीस ठेवायची ऐपत नव्हती, तेव्हा वहिनीच दादाशेजारी उभ्या राहत. आ केलेला माणूस काय म्हणतोय ते त्यांना बरोबर कळे. दुखतंय, थुंकायचंय, पुरे आता, सगळं.

“खुर्ची कधी नेशील?” त्यांनी मुलीला विचारलं.

“उद्या सकाळी. सर सांगतील त्या भावात. घासाघीस नाही.”

“आँ,” दादा म्हणाला.

“हो म्हणतायत ते,” वहिनी म्हणाल्या.

मुलीनं दांडा सोडला. खुर्ची हळूहळू खाली आली, दादा सरळ झाला, पण लगेच उतरला नाही. तोंड पुसलं. मी मनात म्हटलं, आता बरसणार. त्यानं वहिनींना विचारलं, “‘आहे म्हणूनच जाहिरात आहे’. ते तू लिहिलंस?”

“तुमचंच होतं. मी नुसतं परत पाठवलं.”

दादा खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन अंगठ्यानं चोळत बसला. मग म्हणाला, “वाईट वाटतं गं वाचताना.” तेवढंच. पुढे त्यानं मुलीला चहा विचारला, खुर्ची करकरली तर तेल कुठे घालायचं ते दाखवलं आणि बिघडली तर फोन कर म्हणून सांगितलं. एक ते चार सोडून, हे त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मी बघितलं. ते त्यानं गिळलं, आणि ते गिळणं त्याला दाढ काढण्यापेक्षा सोपं गेलं नसणार.

खुर्ची गेली. वहिनींनी त्याच दिवशी रुग्णालयात होकार कळवला. जमिनीत बोल्टांची भोकं राहिली, त्यावर सतरंजी टाकली आणि पलंग खिडकीशी लावला. अवजारं उकळायची त्या ओट्यावर गॅस आला. पूर्वी वरच्या खोलीत दादाला बसल्या जागी चहा मिळे. आता चहा खाली होत होता. वहिनी ऑपरेशन होऊन घरी आल्यावर पहिले काही दिवस तो वरून जमिनीवर काठी आपटून बघायचा. खालून मी ओरडायची, “इथे आहे.” सवयीनं नडगी सांभाळत, कुरकुरत तो उतरायचा.

वहिनी आधी पलंग ते दार चालल्या, मग दार ते फाटक. परवा काठी घेऊन एकट्याच कोपऱ्यापर्यंत गेल्या. दादानं सोबत येऊ का विचारलं, त्या नको म्हणाल्या. तो दारात उभा राहून त्या वळेपर्यंत बघत होता. नंतर आत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा केला. वहिनी घामाघूम होऊन परतल्या, पण चेहरा असा की, एखाद्या मुलीचा म्हणावा. त्यांनी कप घेतला आणि बिनसाखरेचा तो काढा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, चकार शब्द न बोलता.

मी मात्र बोलले.